घरातील शाळा आणि ख्रिस्ती अभ्यासक्रम

मुलांस शाळेत न धाडता घरीच शिकवावे, आणि तेही आपल्या ख्रिस्ती श्रद्धेस धरून शिकवावे, असा विचार वसई-विरारकडील एखाद्या आईबापांच्या मनात आला, तर त्यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. नायगावपासून अर्णाळ्यापर्यंतच्या या पट्टीत केळीच्या आणि फुलांच्या वाड्यांतून चर्चचे मनोरे डोकावतात. १९९८ पासून वसईस स्वतंत्र धर्मप्रांत लाभला आहे. दुसऱ्या बाजूस, २००९ साली महानगरपालिका झालेल्या या गावांची वस्ती इतक्या झपाट्याने वाढली आहे की, वर्ग भरलेले, रस्ते भरलेले, आणि विरारच्या गाडीने मुंबई गाठणारा बाप मुलाच्या वहीवर नजर टाकावयास रात्री उशिरा मोकळा. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा मूल घरी बसूनही शिकू शकते हे पुष्कळांच्या ध्यानात आले. त्याला घरी शिकविणे किती जड काम आहे हेही त्याच महिन्यांत ध्यानात आले.

प्रथम दोन प्रश्न वेगळे केले पाहिजेत. मूल शाळेत घालावे की नाही, हा एक. आणि त्यास धर्मशिक्षण कसे द्यावे, हा दुसरा. केवळ दुसऱ्यासाठी पहिल्याचे उत्तर बदलण्याचे कारण मला दिसत नाही. धर्मग्रामात रविवारचे धर्मशिक्षणाचे वर्ग असतात, प्रथम कम्युनियनची तयारी तेथेच होते, आणि संध्याकाळी घरात जपमाळेची प्रार्थना होत असेल तर कोणतीही शाळा तिच्या आड येत नाही. मुलाची प्रकृती, त्याची शिकण्याची निराळी चाल, शाळेत होणारा कोंडमारा, अथवा एखाद्या विद्येत त्याने घेतलेली मोठी झेप, अशा कारणांनी जे आईबाप घरचा मार्ग धरतात, त्यांचे पाऊल अधिक भक्कम जमिनीवर असते, असे माझे मत आहे.

मराठी घरातल्या शिक्षणाचे सर्वांत मोठे उदाहरण शोधू गेल्यास पंडिता रमाबाईंपाशी जावे लागते. १८५८ साली जन्मलेल्या या मुलीने शाळेचे तोंड पाहिले नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी जनविरोध पत्करून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले होते. पुढे ते वृद्ध झाल्यावर त्या माउलीने, लक्ष्मीबाईंनी, आठव्या वर्षापासून रमेस पहाटे उठवून मुखपाठ दिला. घरच्या या शाळेचा निकाल १८७८ साली कलकत्त्यास लागला. तेथील विद्वानांनी तिची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

येथवरची कथा सर्वांस ठाऊक असते, आणि गृहशिक्षणाचे पुरस्कर्ते ती आवडीने सांगतात. तिची दुसरी बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. १८७० नंतरच्या दुष्काळात या कुटुंबावर उपासमार ओढवली आणि रमाबाईंचे आईवडील व बहीण मृत्यू पावली. पुढे आपल्या आत्मकथनात रमाबाईंनी स्पष्ट लिहिले आहे की, धर्मग्रंथांपलीकडचे काहीच आम्हां भावंडांस शिकविले नव्हते, त्यामुळे पोट भरण्यापुरतीही कामाची विद्या आमच्यापाशी नव्हती. १८८३ साली त्यांनी इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारला. नंतर केडगावी मुक्तिसदन उभारले, तेव्हा तेथे बायबलाच्या पाठाबरोबर छापखाना, विणकाम, गोठा आणि शेतीही आली. घरी, धर्मग्रंथांवर वाढलेली ही विदुषी स्वतःच्या मुलींस शिकविताना केवळ धर्मग्रंथांवर थांबली नाही. ख्रिस्ती अभ्यासक्रम निवडू पाहणाऱ्या पालकांनी रमाबाईंच्या चरित्रातील हे पान अवश्य वाचावे.

आता अभ्यासक्रमाकडे वळू. आज बाजारात जे तयार ‘ख्रिस्ती अभ्यासक्रम’ मिळतात, ते बहुतेक अमेरिकेहून येतात. टेक्सासमध्ये १९७० साली निघालेला ‘ॲक्सेलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन’ हा क्रम छोट्या पुस्तिकांचा आहे. मूल एक पुस्तिका संपवून, परीक्षा देऊन, दुसरी उघडते. फ्लॉरिडातील ‘अबेका’ची पुस्तके पाठांतर व शिस्त यांवर भर देतात. कॅथलिक घरांसाठी व्हर्जिनियातील ‘सीटन’ ही संस्था आहे. यांच्या मागे मोठे कष्ट आहेत, आणि इंग्रजी वाचन व व्याकरण यांत यांचा उपयोगही होतो, हे कबूल केले पाहिजे.

परंतु ‘ख्रिस्ती’ हा शब्द वेष्टनावर पाहून पुस्तक घेणाऱ्या वसईच्या कॅथलिक गृहस्थाने दोन गोष्टी तपासाव्यात. पहिल्या दोन क्रमांचे प्रकाशक प्रॉटेस्टंटांतील मूलतत्त्ववादी परंपरेचे आहेत. त्यांच्या विज्ञानात पृथ्वी काही हजार वर्षांचीच मानली जाते. भूगर्भशास्त्राप्रमाणे तिचे वय सुमारे ४५० कोटी वर्षे आहे, आणि कॅथलिक चर्चने या मोजणीशी कधी भांडण मांडलेले नाही. विश्वाच्या प्रसरणाचा सिद्धांत मांडणारा जॉर्ज लमेत्र हा स्वतः बेल्जियमचा धर्मगुरू होता, आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ साली उत्क्रांतिवाद हा निव्वळ तर्काहून अधिक आहे असे म्हटले. दुसरी गोष्ट इतिहासाची. अशा पुस्तकांत चर्चचा इतिहास धर्मसुधारणेच्या बाजूने सांगितलेला असतो. सकाळी मिस्सेस जाणाऱ्या मुलाने दुपारी त्याच चर्चविषयी वाकडे शब्द पाठ करावयाचे, हा प्रकार कोणत्या बापास रुचेल? शिवाय फूट, पौंड, डॉलर, बर्फाचे दिवस आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष! अर्नाळ्याच्या मुलास भरती-ओहोटी कळावयास मेन किंवा ऑरेगॉनचा किनारा पाहण्याची गरज नाही.

आपल्याकडची सामग्री काही थोडीथोडकी नाही, हे म्हणूनच सांगावेसे वाटते. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि १६१६ साली त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. नवख्रिस्ती कुटुंबांस पुराणांची सवय होती. त्यांच्या कानास ओळखीच्या छंदात बायबलाची कथा सांगावी, अशी त्यामागची दृष्टी. परदेशातून आलेला मनुष्य येथील भाषा शिकून येथील मुलांसाठी लिहितो, आणि चारशे वर्षांनंतर येथील आईबाप परदेशातून पुस्तकांचा खोका मागवितात, हे काहीसे उलटेच झाले! पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलाचे मराठी भाषांतर केले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले. २०२० साली उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि २०२४ साली ते निवर्तले. वसईतच जन्मलेल्या आणि १५९७ साली नागासाकीस क्रुसावर प्राण अर्पिलेल्या गोन्सालो गार्सिया यांची कथा सांगू लागले की भूगोल, इतिहास व धर्म एकाच धाग्यात येतात. वसईचा किल्ला घ्या: १५३४ चा तह, पोर्तुगीजांचे राज्य, १७३९ साली चिमाजी अप्पांनी केलेला पाडाव. पडक्या चर्चच्या भिंतीस टेकून हा धडा शिकलेले मूल सहसा तो विसरणार नाही. आणि त्यात दोन्ही बाजूंस माणसे होती, हेही त्याला कळेल. घरात सामवेदी किंवा वाडवळी बोली, पुस्तकात मराठी आणि पुढील शिक्षणासाठी इंग्रजी, असे तिहेरी भाषाधन ज्या मुलास जन्मतःच मिळते, त्यास ते तिन्ही राखता येतील असाच क्रम निवडावा.

गणित व विज्ञान मात्र मान्य पाठ्यपुस्तकांवरूनच शिकवावे, कारण पुढे परीक्षा तेथेच द्यावयाची आहे. १९८९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास दहावीच्या तोडीची परीक्षा देऊ देते. आपल्या राज्याचेही मुक्त विद्यालय मंडळ आहे. विदेशी पुस्तिकांच्या प्रमाणपत्रावर येथील महाविद्यालयाचे दार उघडेलच असे गृहीत धरू नये. २०१६ साली मुंबईच्या एका घरी शिकलेल्या मुलीस अमेरिकेतील नामांकित तंत्रविद्यापीठाने संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय पदकांच्या बळावर घेतले, हे खरे. पण बारावीच्या प्रमाणपत्राअभावी आपल्या आयआयटीची वाट तिला बंद होती, हेही तितकेच खरे. पदके सर्वांस मिळत नसतात.

कायद्याविषयी. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्याचे दहावे कलम सहा ते चौदा वयाच्या मुलास शेजारच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य म्हणते. पालकांस त्यात शिक्षा सांगितलेली नाही. परंतु गृहशिक्षणास उघड मान्यता देणारे कलमही त्यात नाही. जर्मनीत याहून कडक रीत आहे. तेथील एका ख्रिस्ती कुटुंबाची मुले काही दिवस सरकारने ताब्यात घेतली, आणि २०१९ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही सरकारचीच बाजू उचलून धरली. आपल्याकडे तसा प्रसंग येत नाही, तरी जे करावयाचे ते जाणून करावे.

आणखी एक गोष्ट, जी अशा चर्चेत हळूच बाजूस ठेवली जाते. ‘आम्ही मुलांस घरी शिकवू’ या वाक्यातील ‘आम्ही’ म्हणजे प्रत्यक्षात बहुधा आई. तिची नोकरी सुटते, मिळकत जाते, दुपारची विश्रांती जाते, आणि मुलाचे गणित कच्चे राहिले तर बोल तिलाच लागतो. लक्ष्मीबाई डोंगरे पहाटे उठत, हे आपण कौतुकाने सांगतो. त्या दिवसभर आणखी काय काय करीत असतील, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. बापाने कोणता विषय कोणत्या वारी शिकवावयाचा, हे निर्णयापूर्वीच कागदावर उतरावे, आणि ते जमत नसेल तर निर्णय पुढे ढकलावा. मुलास सवंगडी कोठे मिळतील, हेही त्याच कागदावर लिहावे: धर्मग्रामातील गायकवृंद, मैदानावरचा फुटबॉल, आणि आपल्या धर्माची नसलेली शेजारची मुलेही.

इतके करूनही दोन वर्षांत मूल कंटाळले, किंवा आई थकली, तर संकोच करू नये. त्याच कायद्याचे चौथे कलम असे आहे की, सहा वर्षांवरील जे मूल शाळेत गेलेले नाही, त्यास त्याच्या वयास योग्य अशा वर्गात प्रवेश मिळतो, आणि बरोबरीस येण्यासाठी विशेष शिकवणीचाही त्यास हक्क आहे. जन्माचा दाखला आणि मुलाच्या वह्या मात्र जपून ठेवाव्यात.