वाऱ्याचा ठाव



धानाची मळणी सुरू झाली की आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या बांध्यांमध्ये कधीमधी एक वेगळीच वस्तू येऊन पडते. ओंजळीत मावेल एवढी पांढरी हलकी पेटी, तिला लांबलचक दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला फाटक्या रबराच्या चिंध्या. मी ती पहिल्यांदा पाहिली तुमसर रस्त्यालगतच्या एका खळ्यावर. उचलायला वाकलो, तर सूप हातात घेतलेल्या काकू ओरडल्या, "हात नोको लावू गा, बाम-गिम असन!"

पेटीत बाँब नव्हता. होता एक छोटा रेडिओ. अशी पेटी फुग्याला बांधून हवामानखात्याचे लोक आकाशात सोडतात. आपल्याला जवळचं केंद्र म्हणजे नागपूरचं, सोनेगावचं. फुग्यात हायड्रोजन असतो. मिनिटाला सुमारे ३०० मीटर या चालीने तो चढत जातो, आणि जाता जाता पेटी खाली कळवत राहते : इथं तापमान इतकं, दमटपणा इतका, वारा अमुक दिशेचा. पंचवीस-तीस किलोमीटरवर हवा इतकी विरळ होते की फुगा फुगत फुगत फुटतो. या निरीक्षणांची वेळ साऱ्या जगाने एकच ठरवलेली आहे, ग्रीनिचच्या घड्याळाने १२ आणि ० वाजता. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे आणि पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात.

आकाशातलं बोलणं ऐकण्याचा नाद मला आजोबांच्या रेडिओने लावला. त्या रेडिओचं परवान्याचं पुस्तक अजून माझ्याकडे आहे. दरवर्षी पोस्टात पैसे भरायचे आणि आत शिक्का मारून घ्यायचा. नुसतं ऐकायलासुद्धा परवाना लागायचा, हे आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. घरच्या रेडिओपुरतं ते बंधन पुढे गेलं. पण विमानांच्या वाहिन्या कुणीही घरी बसून ऐकाव्यात, अशी मोकळीक आपल्याकडे नाही. ती आहे अमेरिकेत. म्हणून आयुष्यात एकदाच मी ती बोलणी मनसोक्त ऐकली, आणि तीही कोणाची, तर एका हवाईजहाजाची, म्हणजे फुग्यासारख्या तरंगणाऱ्या जहाजाची.

मुलीकडे ओहायोत गेलो होतो. तिथे अ‍ॅक्रन शहराजवळ विंगफूट लेक म्हणून तळं आहे. त्याच्या काठी गुडइयर कंपनीच्या हवाईजहाजांचा तळ आहे. ही कंपनी १९२५ पासून हवाईजहाजं उडवते आहे. लोक त्यांना ब्लिंप म्हणतात. खरा ब्लिंप म्हणजे आत सांगाडा नसलेलं, नुसत्या वायूच्या दाबाने आकार धरणारं जहाज. आताच्या जहाजांत थोडा सांगाडा आला, तरी नाव तेच राहिलं. जावयाने हातात मावणारा रिसीव्हर दिला आणि आम्ही तळ्याकाठी बसलो. पहिल्याच क्षणी तो खरखरीत आवाज ओळखीचा वाटला. त्याला कारण आहे. विमानांचा रेडिओ लहरींची उंची कमीजास्त करून बोलतो, अगदी आपल्या आकाशवाणी नागपूरच्या ५८५ किलोहर्ट्झसारखा. एफएम त्यापेक्षा स्वच्छ. पण एफएमवर दोघे एकदम बोलले, तर जोरकस आवाज दुसऱ्याला पार गिळून टाकतो. विमानांच्या रेडिओवर शिट्टी उमटते आणि ऐकणाऱ्याला कळतं, आणखी कुणीतरी बोलतंय. माणसांच्या जिवासाठी ती खरखर अजून जपून ठेवली आहे.

जेट विमानाचा वैमानिक दोन वाक्यं बोलून पुढच्या हद्दीत जातो. हवाईजहाज मात्र तासन् तास त्याच आभाळात असतं, आणि त्याचं निम्मं बोलणं वाऱ्याचं. दिशा किती अंश, वेग किती नॉट, खाली काय, वर काय. त्याला नाक वाऱ्याकडे करूनच उतरावं लागतं. खांबाला बांधलं तरी ते वाऱ्याबरोबर त्याभोवती फिरत राहतं. ३०० मीटर उंचीवरून त्याच्या रेडिओचा आवाज सुमारे ७० किलोमीटर पोचतो. मी लगेच मनात हिशेब केला : नागपूरवर असं जहाज तरंगलं, तर भंडाऱ्यात ऐकू येईल.

एक हवाईजहाज आपल्याकडे यायला निघालंही होतं. आर १०१. ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी इंग्लंडमधल्या कार्डिंग्टनहून ते कराचीला निघालं. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, आणि तिथे या जहाजासाठी भलीमोठी शेड बांधून तयार होती. वाटेत वारा वाढत असल्याचा अंदाज त्यांना बिनतारी संदेशाने मिळाला. मध्यरात्रीनंतर जहाजाने कळवलं की पाहुण्यांचं जेवण उत्तम झालं, चिरूट ओढून मंडळी झोपायला गेली. पुढे दोनच्या सुमाराला फ्रान्समधल्या बोव्हेजवळ जहाज जमिनीला टेकलं आणि पेटलं. ५४ पैकी ४८ माणसं गेली. तो जेवणाचा निरोप आठवला की मला अजूनही गलबलून येतं.

वारा आजही तितकाच महत्त्वाचा. बिरसीच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकणारी आपली मुलंही आधी वाराच विचारतात. हे बिरसी आता गोंदिया जिल्ह्यात. १ मे १९९९ पर्यंत ते आपल्याच जिल्ह्यात होतं.

तर त्या दिवशी खळ्यावर मी काकूंना सांगितलं, ही पेटी वरचा वारा सांगते. पावसाळ्यात फार वर पूर्वेचा वारा असतो, तेव्हा फुगे वर्ध्याच्या अंगाने वाहतात. हिवाळ्यात वर पश्चिमेचा वारा जोर धरतो, म्हणून ते आपल्याकडे येतात.

काकूंनी सूप खाली ठेवलं. मूठभर कोंडा घेतला, हात डोक्यावर नेला आणि बोटं सैल सोडली. कोंडा तिरपा होत नागपूरच्या दिशेने गेला. त्यांनी एकदा कोंड्याकडे पाहिलं, एकदा माझ्या हातातल्या पेटीकडे.

"मंग वरचा वारा उलटा हाये म्हना," म्हणाल्या, आणि सूप घेऊन वाऱ्याला पाठ करून उभ्या राहिल्या.