चार दिवस सिंगापूर आणि आपली मोकळी जागा

(आपल्या सोसायटीच्या ऑक्टोबर 2024 मधील कोजागरी कार्यक्रमात केलेले भाषण)



दूध आटेपर्यंत मला बोलायला सांगितलंय. विषय दिलाय सिंगापूरचा. गेले काही महिने जो तो विचारतो, "काका, काय काय आणलं?" म्हणून आधी खरेदीचंच सांगतो, म्हणजे महिला मंडळ निवांत ऐकेल.

यंदा फेब्रुवारीच्या अखेरीस मुलगा, सूनबाई, नातू आणि आम्ही दोघे असे पाच जण गेलो. मुंबईहून साधारण साडेपाच तासांचा विमानप्रवास, घड्याळ अडीच तास पुढे. खायची तंबाखू तिकडे नेता येत नाही, त्यामुळे माझी चंची जामखेडातच राहिली. त्या चार दिवसांबद्दल अधिक बोलत नाही.

विमानतळालगत ज्वेल नावाची इमारत आहे. तिच्या काचेच्या छतातून 40 मीटर खाली पाणी कोसळतं. नातू हरखून गेला. ही म्हणाली, "सौताडाच की हा! फक्त उन्हाळ्यात आटत नाही."

लिटल इंडिया भागात मुस्तफा सेंटर आहे. सुईपासून सोन्यापर्यंत सगळं एका छताखाली. आम्ही टायगर बामच्या डब्या, चॉकलेटं आणि नातवाला घड्याळ घेतलं. तेव्हा एका सिंगापूर डॉलरला साधारण 62 रुपये पडत होते. बँकेत जन्म गेला, आकडा दिसला की गुणाकार आपोआप होतो. शेवटी सूनबाई म्हणाली, "बाबा, असं गुणत बसलात तर इथं पाणीसुद्धा पिता येणार नाही." पण टेक्का मार्केटात शेवग्याच्या शेंगा दिसल्यावर हिनेच भाव विचारला आणि मला गुणायला लावलं. शेंगा तिथेच ठेवून आम्ही पुढे निघालो.

मर्लायन पाहिला, बोटीत बसलो. जवळच एस्प्लनेड पार्कात आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची खूण आहे. नेताजींनी 21 ऑक्टोबर 1943 रोजी आझाद हिंद सरकारची घोषणा केली ती याच शहरात. तिथे मी चपला काढून उभा राहिलो. नातवाने कारण विचारलं. ते सांगण्यात अर्धा तास गेला, पण तो अर्धा तास मला सगळ्या खरेदीपेक्षा मोलाचा वाटला.

आता मुख्य गोष्ट. तिसऱ्या दिवशी मुलाच्या एका मित्राने टोआ पायो भागात जेवायला बोलावलं. तिथल्या दर दहा माणसांतली जवळजवळ आठ माणसं सरकारी गृहनिर्माण मंडळाने बांधलेल्या घरांत राहतात. हे मंडळ 1960 साली स्थापन झालं. पुढच्याच वर्षी बुकित हो स्वी या वस्तीला मोठी आग लागली, सुमारे 16 हजार माणसं बेघर झाली. तिथे मंडळाने झपाट्याने पक्क्या इमारती उभ्या केल्या. घर 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतं.

या इमारतींचा तळमजला बहुतेक ठिकाणी मोकळा सोडलेला असतो. त्याला व्हॉइड डेक म्हणतात. नुसते खांब, बसायला बाकं, कुठे बुद्धिबळाचा पट कोरलेलं टेबल. मी मित्राला विचारलं, "एवढी जागा मोकळी, मग गाड्या का नाही लावत?" तो हसला. म्हणाला, "काका, इथे गाडी घ्यायच्या आधी ती दहा वर्षं वापरायचा हक्क लिलावात घ्यावा लागतो. लहान गाडीला सध्या 80 हजार डॉलरच्या आसपास पडतात." मी गुणाकार केला. जवळपास 50 लाख, आणि गाडीचे पैसे वेगळे!

जेवून खाली उतरलो, तर शेजारच्या इमारतीखाली गोल टेबलं मांडलेली. एक चिनी आजोबा वारले होते. त्यांच्यात तीन, पाच असे दिवस देह ठेवतात आणि लोक येऊन बसून जातात. चहा, शेंगदाणे ठेवलेले. शाळेतून आलेली पोरं आवाज न करता बाजूने जात होती. मित्र म्हणाला, गेल्या आठवड्यात याच जागेत मलय मुलीचं लग्न होतं. परवानगी काढायची, झालं की जागा झाडून द्यायची.

मी तिथे बाकावर बसलो. हिला वाटलं, पाय दुखतायत. पाय दुखत नव्हते.

तुम्हाला आठवत असेल, दोन वर्षांमागे पावसाळ्यात आपल्याकडच्या एक आजी गेल्या. आपल्या मोकळ्या जागेत तेव्हा अकरा गाड्या उभ्या होत्या. आजींना रस्त्यावर ठेवावं लागलं, वर ताडपत्री धरून. आलेले पाहुणे छत्र्या घेऊन गटाराच्या कडेला उभे. गाड्या तिथे लावायची सोय कुणी केली? मीच. मी तेव्हा खजिनदार होतो. पार्किंगपोटी महिन्याला थोडे पैसे जमायचे, ताळेबंदात जमेची बाजू छान दिसायची. आजींच्या मुलाने मला एका शब्दानेही बोललं नाही. तेच जास्त लागलं.

त्याच जागेवर गाड्यांसाठी कायमची पत्र्याची शेड घालायचा ठराव येत्या सभेपुढे आहे. त्यावर सूचक म्हणून माझं नाव आहे. आज सर्वांसमक्ष सांगतो, तो मी मागे घेतो. शेड जरूर घाला, पण माणसांसाठी. खाली फरशी, चार बाकं, एक नळ. बारसं होऊ दे, हळद होऊ दे, आणि वेळ आली तर आमच्यासारख्यांना शेवटचं तासभर ठेवायला कोरडी जागा असू दे. गाड्या ज्याने त्याने आपल्या दारात लावाव्यात. माझ्यापासून सुरुवात, आमची गाडी कालच हलवली आहे.

पहिल्या बाकाचे पैसे आमच्याकडून. किती ते विचारू नका, हिशोब रुपयातच केलाय.

दूध आटलेलं दिसतंय.