‘योग्यतम’ म्हणजे श्रेष्ठ नव्हे



डार्विनने नैसर्गिक निवडीचा सिद्धांत १८५९ साली ग्रंथरूपाने मांडला. ‘योग्यतमाचा टिकाव’ हा शब्दप्रयोग मात्र १८६४ सालचा, स्पेन्सरचा. त्याच्या आधारे कित्येकांनी आपल्या कुळाचे श्रेष्ठत्व मिरविले.

मँचेस्टरचे पतंग काय सांगतात? तेथे १८४८ साली एक काळा पतंग आढळला. गिरण्यांच्या धुराने झाडे काळवंडली. त्यांवरचे पांढुरके पतंग पक्षी सहज टिपू लागले. काळ्यांची वीण वाढून १८९५ पर्यंत त्यांचे प्रमाण शेकडा ९८ झाले. पुढे १९५६ च्या कायद्याने धूर ओसरला आणि पांढुरके पुन्हा वाढले. मग श्रेष्ठ कोण?

ज्ञातीचा अभिमान जरूर बाळगावा. मात्र श्रेष्ठत्वासाठी निसर्गाची साक्ष काढू नये, एवढीच विनंती.