शून्य नोंदी



एका वाचनालयातून सकाळी फोन आला. ग्रंथपाल बाई घाबरलेल्या. "सर, आजची देवघेव दिसतच नाहीये. सगळा डेटा उडाला बहुतेक!" गंमत अशी, की त्या बोलत असतानाच एक सभासद पुस्तक घेऊन निघाला होता आणि त्याची नोंदही होत होती. नोंद आत जात होती. आजच्या तारखेची यादी मागितली की पडदा कोरा.

प्रोग्राम कोसळला तर मला बरं वाटतं. कुठल्या ओळीवर कोसळला, ते तरी तो सांगतो. कोरी यादी तोंड उघडत नाही, कारण संगणकाच्या लेखी ते बिनचूक उत्तर आहे: तुमच्या अटीत बसणारी नोंद नाही. म्हणून आधी अट तपासायची.

वाचनालयाची ती प्रणाली जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये लिहिलेली. अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत हा जँगो जन्मला, २००५ साली सर्वांसाठी खुला झाला. नाव जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचं. प्रोग्रामर पायथनमध्ये 'आजच्या नोंदी दे' एवढंच लिहितो. डेटाबेसला कळणारी एसक्यूएल क्वेरी जँगो रचतो. मध्ये दुभाषा आला की आपण विचारलेलं आणि पलीकडे पोचलेलं यांत फरक पडू शकतो. जँगोतल्या त्या विनंतीच्या, म्हणजे क्वेरीसेटच्या, पोटातली क्वेरी प्रिंट करून डोळ्यांनी वाचायची, हा माझा नेम. (त्याआधी एक पाहावं: आपण उघडलेला डेटाबेस आणि साइट वापरते तो डेटाबेस एकच आहे ना? हसू नका, यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे.)

क्वेरी वाचली आणि उलगडलं. या प्रणालीत वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवलेली होती, आणि आपण साडेपाच तास पुढे. आपल्याकडे रात्री एक वाजता झालेली नोंद तिथे आदल्या संध्याकाळी साडेसातची असते. म्हणून तारीख ताडण्याआधी जँगो डेटाबेसलाच सांगतो, ही वेळ आपल्या, म्हणजे कोलकात्याच्या, टाइमझोनमध्ये बदलून घे. इथला डेटाबेस मायएसक्यूएल. ते त्यासाठी आपल्या टाइमझोनच्या तक्त्यांत बघतं. हे तक्ते पुष्कळदा रिकामेच असतात, ते आपण भरावे लागतात. वाचनालयाचा सर्व्हर आदल्याच रात्री बदलला होता. तक्ते रिकामे, तेव्हा मायएसक्यूएलने प्रत्येक वेळेचं रूपांतर करून दिलं: नल.

नल म्हणजे शून्य नव्हे. नल म्हणजे 'माहीत नाही'. माहीत नसलेली तारीख आजचीच आहे का? होही म्हणता येत नाही, नाहीही म्हणता येत नाही. एसक्यूएल फक्त 'हो' ठरलेल्या ओळी देतं, त्यामुळे झाडून सगळ्या नोंदी गळाल्या. याच नलची आणखी एक खोडी आहे. 'पुस्तक नेलेल्यांच्या यादीत नसलेले सभासद दे' असं विचारा आणि त्या यादीत कुणाचा तरी क्रमांक भरायचा राहिलेला असू द्या. तो राहिलेला क्रमांक कुणाचाही असू शकतो, म्हणून अमुक सभासद यादीत 'नाही' असं डेटाबेस छातीठोकपणे सांगूच शकत नाही. उत्तर शून्य. मला हा तर्क चुकीचा वाटत नाही, पण पहिल्यांदा भेटला तेव्हा मी त्याला शिव्या घातल्या होत्या.

तक्ते भरायला मायएसक्यूएलबरोबरच एक आज्ञा येते. ती चालवली आणि यादी हजर. एकही नोंद गेलेली नव्हती.

आता खास आपल्या लिपीचं. एका पतसंस्थेत 'कऱ्हाड' गावाचे खातेदार शोधले की निम्मेच सापडत. ऱ्ह दोन तऱ्हांनी टंकता येतो: नुक्त्याच्या ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडक घालून. डोळ्यांना अक्षर तेच. तिथला डेटाबेस पोस्टग्रेस. तो अक्षरामागचे आकडे ताडतो आणि ते वेगळे असतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही ही दोन रूपं एक होत नाहीत. साठवताना आणि शोधतानाही एकच रूप वापरायचं, हा नियम आपणच लिहावा लागतो. तो तिथे कुणी लिहिला नव्हता.

तेव्हा उद्या एखाद्या खिडकीवर "तुमची नोंद सापडत नाही" असं ऐकलंत, तर लगेच घरी परतू नका. नाव-गाव राहू द्या, नुसत्या क्रमांकाने शोधून बघा, असं त्या माणसाला सांगा.