आधी निदान, मग पाना

आपल्या मराठीत 'निदान' या शब्दाला दोन अर्थ आहेत. वैद्य रोगाचं निदान करतो, आणि आपण म्हणतो, 'निदान एकदा बघून तरी घ्या.' आजच्या विषयात हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी बसतात. विषय आहे महागड्या एसयूव्ही गाड्यांची दुखणी.

कवीनं गॅरेजबद्दल काय बोलावं, असं कुणाला वाटेल. पण या गाड्या आता फक्त बंगल्यांपुढे उभ्या नसतात. आठ-दहा वर्षं वापरलेली गाडी नव्या छोट्या गाडीच्या भावात मिळते. एखादा तरुण कर्ज काढून ती घेतो आणि लग्नाच्या वरातींना भाड्यानं देतो. गाडीची किंमत उतरलेली असते, सुट्या भागांची उतरत नाही. एक चुकीचं निदान झालं की त्याचे वर्षभराचे हप्ते थकतात.

रेंज रोव्हरचंच उदाहरण घ्या. ही गाडी १९७० मध्ये इंग्लंडमध्ये आली. १९९२ मध्ये तिला एअर सस्पेन्शन मिळालं. २००८ मध्ये ती कंपनी टाटांनी घेतली आणि २०२४ पासून रेंज रोव्हरची जोडणी पुण्यातही होऊ लागली. म्हणजे ही विद्या आता आपल्या अंगणात आली आहे. एअर सस्पेन्शन म्हणजे लोखंडी स्प्रिंगच्या जागी हवेनं भरलेली रबरी पिशवी. चार चाकांना चार पिशव्या, हवा भरणारा कॉम्प्रेसर, हवा वाटून देणारे व्हॉल्व्ह, उंची मोजणारे सेन्सर आणि या सगळ्यांवर हुकूम चालवणारा छोटा संगणक. मऊ चाल, हवी तेव्हा उंची. सुख मोठं, पण रबर शेवटी रबरच. घडी पडते तिथे ते कालांतरानं चिरतं.

आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी एक गॅरेज आहे. तिथे एक पोरगा अशीच परदेशी बनावटीची गाडी घेऊन आला होता. गाडी मागून बसलेली.

'चाचा, कॉम्प्रेसर गेलाय. नवा टाकायला सांगितलाय.'

'कुणी सांगितलं?'

'मशीननं.'

उस्ताद हसले. 'बेटा, मशीन एवढंच बोललं असेल की हवेचा दाब कमी आहे. कॉम्प्रेसर हे नाव वाचणाऱ्यानं घातलं.'

मग त्यांनी साबणाचं पाणी फवारलं. मागच्या डाव्या पिशवीच्या घडीतून बारीक बुडबुडे आले. गळती भरून काढायला कॉम्प्रेसर दिवसरात्र धापा टाकत होता. नवा कॉम्प्रेसर बसवला असता, तर तोही काही महिन्यांत तसाच जळाला असता.

ही तपासणी घरीही अर्धी करता येते. रात्री गाडी सपाट जागी उभी करा. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत टेपनं माप घ्या आणि सकाळी पुन्हा मोजा. पण इथे एक गंमत आहे. अनेक गाड्यांतला संगणक रात्री अधूनमधून जागा होतो आणि एक कोपरा खाली गेला असेल तर बाकीचे तीनही तेवढेच उतरवून गाडी समतल करतो. सकाळी मालक म्हणतो, चारही पिशव्या गेल्या! म्हणून जाणता मेकॅनिक त्या रात्री सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवतो. मग खरा गुन्हेगार एकटाच खाली बसतो. मात्र एक लक्षात ठेवा, जॅक स्टँड लावल्याशिवाय अशा गाडीखाली हात घालू नका. हवा सुटली की गाडी अंगावर येते.

कॉम्प्रेसर खरोखरच गेला असेल, तर त्याचा रिले सोबत बदला. रिलेचे पॉइंट चिकटले तर कॉम्प्रेसर थांबतच नाही. हवा कोरडी करणारे दाणेही बघा. ते ओले झाले की दमट हवा व्हॉल्व्हमध्ये जाते आणि तिथे गंज धरतो.

दुसरं दुखणं आपल्या पावसाळ्याचं. सनरूफच्या कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. पानं, धूळ साचली की त्या तुंबतात. पाणी खांबातून उतरून पायाखालच्या गालिच्यात मुरतं आणि त्याखालचे वायरिंगचे जोड सडतात. मग कधी काच आपोआप उतरते, कधी दिवा पेटतो, आणि लोक संगणक बदलायला निघतात. उपाय साधा. सनरूफच्या पन्हळीत हळूच थोडं पाणी ओता; ते गाडीखाली निघालं पाहिजे. जोराच्या हवेनं नळी साफ करू नका, ती आतल्या आत निखळते.

तिसरी गोष्ट बॅटरीची. एकाच वेळी पाच-सहा दिवे पेटले तर घाबरू नका, आधी बॅटरी मोजा. विसावलेली भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या खाली गेली की अर्धी रिकामी समजा. अशा अशक्त बॅटरीवर गाडीतले संगणक वेड्यासारखे बोलू लागतात.

अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीत दोष सांगणारी एकसारखी कोड-पद्धत सक्तीची झाली, पुढे जगभर पसरली. फार उपयोगी गोष्ट आहे. पण कोड लक्षण सांगतो, कारण नाही. 'पी ०१७१' हा कोड म्हणतो, इंजिनात इंधनाच्या मानानं हवा जास्त आहे. लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. तो बिचारा खरं सांगत असतो. फाटलेली असते एखादी रबरी नळी, आणि तिथून चोरटी हवा आत शिरत असते. ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्याचा हा प्रकार झाला.

लहान गॅरेजवाल्याला हे शिकायला कंपन्यांची माहितीपुस्तकं मिळाली पाहिजेत. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात मोटारींचाही समावेश होता. हा हक्क वरातीची गाडी चालवणाऱ्या त्या पोराचा आहे, तसाच उस्तादांच्या हाताखाली शिकणाऱ्या पोरांचाही आहे. नाहीतर हे हात उद्या फक्त डबे उघडून भाग बसवतील. बिघाड ओळखायला विसरतील.

तोवर आपल्या हाती तीन प्रश्न आहेत. पैसे देण्याआधी ते जरूर विचारा. भाग कशामुळे गेला? ते कारण दूर केलं का? आणि जुना भाग दाखवाल का? चांगल्या कारागिराला या प्रश्नांचा राग येत नाही. तो हात पुसतो आणि म्हणतो, 'या, दाखवतो.'