शिळी खबर

नळाला पाणी आले की आपण बादली लावतो. त्याआधी रात्रभर दोन यंत्रांचे बोलणे चाललेले असते, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

मी कंट्रोल इंजिनिअर. पुष्कळ वर्षांपूर्वी एका गावच्या पाणीयोजनेचे काम माझ्याकडे होते. नदीकाठी पंपगृह, चार किलोमीटरवर टेकडीवर टाकी. दोन्हीकडे एकेक पीएलसी, म्हणजे यंत्रे चालवणारा छोटा, दणकट संगणक. अशा यंत्रांची मॉडबस ही बोली १९७९ सालची. तिच्या मूळ रीतीत एकाने विचारायचे, बाकीच्यांनी उत्तर द्यायचे. आम्ही दोघांना बरोबरीचे ठेवले. टाकीवरचा पीएलसी आपणहून पाण्याची पातळी कळवी. पंपगृहातला पंप चालू की बंद, हे कळवी. याला पीअर-टू-पीअर म्हणतात.

अशा जोडणीत चार गोष्टी ठरवाव्या लागतात. प्रत्येकाचा वेगळा पत्ता, पलीकडच्या मेमरीतला नेमका कप्पा, किती वेळाने कळवायचे आणि आकडा कोणत्या टोकाकडून वाचायचा. शेवटची गोष्ट फसवी. ‘पंचवीस’ म्हणताना आपण पाच आधी उच्चारतो, लिहिताना मात्र दोन आधी काढतो. यंत्रायंत्रांतही असाच भेद असतो. तो जुळवला नाही, तर २५ चे ५२ व्हावेत तसा घोळ होतो.

हे सारे मी नीट जमवले. योजना सुरू झाली. आणि एका रात्री दोन वाजता पंपचालक मामांचा फोन आला, ‘‘साहेब, टाकी वाहतीय. खालच्या आळीत पाणी शिरलंय.’’

पहाटे पोचलो. पंपगृहातल्या पडद्यावर पातळी होती साठ टक्के! संपर्क मध्यरात्रीआधीच तुटला होता. शेवटचा आलेला आकडा कप्प्यात तसाच बसून होता आणि त्यावर विसंबून पंप पाणी चढवीत राहिला. चूक यंत्राची नव्हती, माझी होती. खबर ताजी की शिळी, हे ओळखायला मी त्याला शिकवलेच नव्हते.

उपाय साधा होता. टाकीवरच्या पीएलसीने पातळीबरोबर दर सेकंदाला एकाने वाढणारा आकडा धाडायचा. आम्ही त्याला हार्टबीट म्हणतो. दहा सेकंद तो हलला नाही, तर पलीकडे कुणी नाही असे समजायचे.

पण मग करायचे काय? मी म्हणालो, पंप थांबवू. मामा म्हणाले, ‘‘अहो, मग सकाळी गाव कोरडं राहील की!’’ खरेच होते. शेवटी ठरले, की पंप थांबेल, भोंगा वाजेल. मामा टाकीवर माणूस पाठवतील आणि पातळी कळल्यावर पंप हाताने चालू करतील.

तेव्हापासून नवी जोडणी सुरळीत चालली, की मी मुद्दाम मधली तार उपटतो आणि भोंगा वाजण्याची वाट बघत उभा राहतो. तो वाजला, की मगच घरी जातो.