झाडपाला, अर्क आणि कागद

(शिरूर-दौंडच्या पारधी, ठाकर, भिल्ल वस्त्यांच्या मेळाव्यातले भाषण)



आज आम्ही झाडपाल्यावर बोलणार. गायरानाच्या मेळाव्यात झाडपाला कशाला, असं कुणी म्हणेल. जरा दम धरा.

आपल्या गायरानांना सरकारी कागदावर 'पडीक' म्हणतात. या पडकात काय उगवतं? हिंगणबेट, तरवड, गोखरू, घेटुळी, धोतरा. हिंगणबेटाचा गर पाण्यात चोळला की फेस येतो, आपल्या आया त्याने कपडे धूत आल्या. तो फेस सॅपोनिन नावाच्या द्रव्याचा. त्याच झाडात डायोसजेनिन सापडतं, आणि त्यापासून पाळणा लांबवायच्या गोळ्यांतली संप्रेरकं तयार करता येतात. तरवडाच्या सालीत टॅनिन, म्हणून ती साल चामडं कमावायला लागते. कुंपणाला अडुळसा असतो, त्यातलं द्रव्य वासिसीन. त्याच्यावरूनच ब्रोमहेक्सिन हे औषध बनवलं. खोकल्याच्या बाटलीवर हे नाव लिहिलेलं असतं, पोरांकडून वाचून घ्या.

आणि धोतरा. उकिरड्यावरचा धोतरा! त्यात ॲट्रोपिन असतं. शेतातलं फवाऱ्याचं औषध प्यालेला माणूस सरकारी दवाखान्यात नेला, तर पुष्कळदा त्याला ॲट्रोपिनचीच सुई देतात. पण तोच धोतरा कुणी खाल्ला तर डोळे फाटतात, माणूस बरळतो, जीवही जातो. एका झाडात हे द्रव्य किती, दुसऱ्यात किती, हे नुसत्या नजरेला कळत नाही. पावसाळ्यातलं झाड वेगळं, उन्हाळ्यातलं वेगळं, पान वेगळं, बी वेगळं.

म्हणून प्रयोगशाळेला आम्ही नावं ठेवत नाही. आमच्यातले दोघं-तिघं बारावीपर्यंत शास्त्र शिकले, त्यांना हे काम थोडंफार कळतं. पाला सावलीत वाळवतात, कुटतात, मग पाण्यात किंवा स्पिरिटात भिजवतात. काही द्रव्यं पाण्यात उतरतात, काही स्पिरिटातच. आपण काढा उकळतो, ते अर्क काढतात. मग तो अर्क बशीत वाढवलेल्या जंतूंवर टाकून बघतात. जंतू मेले म्हणजे औषध सापडलं असं नाही. ते पोटात गेल्यावर काय करतं, हे बघायला पुढं वर्षं लागतात. 'वनस्पतीचा अर्क, काही अपाय नाही' असं सांगून बाटल्या विकणाऱ्याला पालावर उभं करू नका.

आता आमचं दुखणं. मागं एका संस्थेची माणसं पिशव्या घेऊन आली. आमच्या म्हाताऱ्यांनी चार दिवस ऊन खात त्यांना रान दाखवलं. कुठली मुळी, कधी उपटायची, कशात उगाळायची, सगळं सांगितलं. पुढं त्यांचं छापून आलं, त्यात झाडांची लॅटिन नावं होती. आमच्या म्हाताऱ्यांचं नाव कुठंच नव्हतं.

हळदीचं बघा. जखमेवर हळद लावायचं पेटंट 1995 साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला मिळालं. आपल्या देशाच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने ते 1997 साली रद्द करून घेतलं. परिषदेचे प्रमुख होते डॉ. माशेलकर, आधी आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक. पण ते कशाच्या जोरावर जिंकले? जुन्या पोथ्या, छापलेले लेख. हळदीला कागद होता. घेटुळी कशी उगाळायची याचा आमच्या म्हातारीकडे कुठला कागद?

गायरानालाही हेच आडवं येतं. 28 नोव्हेंबर 1991 चा शासन निर्णय म्हणतो, 14 एप्रिल 1990 पर्यंतचं भूमिहीन मागासवर्गीयांचं शेतीचं अतिक्रमण कायम करा. पण पुरावा दाखवा. ज्यांना गुन्हेगार जमातीचा कायदा 1952 साली रद्द झाल्यावरही पोलीस दिसले की पाल उचलावं लागलं, त्यांनी दंडाच्या पावत्या कुठं जपायच्या? 1996 च्या पेसा कायद्यानं ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी दिली, पण ती अनुसूचित क्षेत्रात. ते जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आहे. शिरूर-दौंड त्यात नाही. म्हणजे आमचं रान गेलं की झाडं गेली, आणि झाडं गेली की पोरांना दाखवायचं काय?

तेव्हा दोन कामं करू. दंडाची पावती, पंचनाम्याची नक्कल, जुनं रेशनकार्ड, जे असेल ते पुढच्या बैठकीला आणा, फाटकं असलं तरी आणा. दुसरं, मांडवाच्या कडेला वही ठेवली आहे. झाडाचं आपल्या बोलीतलं नाव, ते कुठल्या गायरानात उगवतं आणि सांगणाऱ्या माणसाचं नाव लिहून घेऊ. वही वस्तीतच राहील. बाहेरच्या कुणाला पाहिजे असेल तर त्यानं बैठकीत येऊन मागावी. धोतऱ्याचं प्रमाण मात्र कुणी सांगू नका, आम्ही ते लिहिणार नाही.